जुनी, हाताने बनवलेली, हलकी पोलादी रेसिंग सायकल : बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत जुन्या हलक्या पोलादी सायकलींची हौस वाढली आहे. कुणाला गोव्याच्या पाहुण्यांकडून मिळते, कुणी इंग्लंड-इटलीतून मागवतो, कुणाच्या माळ्यावर पडून असते. सायकल हातात आली की तेच तेच प्रश्न निघतात. उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सगळ्यांच्या मुळाशी एकच नियम आहे : जे परत पूर्ववत करता येत नाही, ते करायच्या आधी थांबा. टायर, चेन, ब्रेक, सीट बदलता येतात. फ्रेम एकदा कापली, तापवली किंवा ठोकली की गेली.

हलकी म्हणजे नेमकी किती हलकी?

आपली दूधवाल्याची, काळी, रॉड ब्रेकची सायकल साधारण वीस किलोची असते. चांगल्या नळ्यांची जुनी रेसिंग सायकल दहा किलोच्या आसपास भरते आणि त्यात नुसती फ्रेम दोन किलोच्या जवळपास. उचलून बघितली की फरक लगेच कळतो.

पोलाद ते पोलाद. मग या नळ्यांत वेगळं काय आहे?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून सविस्तर सांगतो. साधं पोलाद आणि मिश्र पोलाद यांच्या कडकपणात फारसा फरक नसतो. फरक असतो तो ताकदीत. मिश्र पोलाद जास्त ताण सोसतं, म्हणून नळीची भिंत पातळ ठेवता येते आणि वजन उतरतं.

त्यात दुसरी करामत म्हणजे ‘बटेड’ नळी. फ्रेमवर खरा ताण येतो तो सांध्यांजवळ. म्हणून नळी दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ ओढतात. बाहेरून ती एकसारखीच दिसते, जाडीचा फरक सगळा आतून असतो. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने या तंत्राचं पेटंट १८९७ साली घेतलं. याच कंपनीची मँगनीज-मॉलिब्डेनमची ‘५३१’ नळी १९३५ साली आली आणि पुढची कित्येक दशकं चांगल्या सायकलीची ओळख बनून राहिली. इटलीत मिलानच्या कोलंबसचं तेच स्थान. कोलंबसची ‘एसएल’ नळी टोकांना ०.९ मिलिमीटर आणि मध्ये ०.६ मिलिमीटर असते. मोठ्या मापाच्या फ्रेमसाठी त्यांची ‘एसपी’ थोडी जाड. जपानच्या टांगे आणि इशिवाता या नळ्याही कमी दर्जाच्या नाहीत. उगाच नाक मुरडू नका.

०.६ मिलिमीटर हा आकडा लक्षात ठेवा. पुढची निम्मी उत्तरं त्यावरच उभी आहेत.

हाताने बनवलेली म्हणजे काय? कारखान्यातही माणसंच काम करतात की.

करतात. पण इथे एक कारागीर किंवा छोटी कार्यशाळा गिऱ्हाइकाच्या मापाने नळ्या कापते, टोकं कानशीने घासून एकमेकींना चपखल बसवते, सांध्यावर ‘लग’, म्हणजे नळ्या आत बसणारी पोलादी बाही, चढवते आणि पितळ किंवा चांदीमिश्रित धातू वितळवून तो सांधा भरते. नळी स्वतः वितळत नाही, फक्त भरलेला धातू फटीत ओढला जातो. पितळेला सुमारे ९०० अंश सेल्सिअस लागतात, चांदीच्या मिश्रणाला बरेच कमी. म्हणून पातळ नळ्यांसाठी चांगले कारागीर चांदी पसंत करत.

लगची कड बोट फिरवून बघा. चांगल्या फ्रेममध्ये ती कड घासून इतकी पातळ केलेली असते की नळीवर कुठे संपली ते नखालाच कळतं. टोकाला धातूचे थेंब नाहीत, कुठे फट नाही. डर्बीचे मर्सियन, लीड्सचे बॉब जॅक्सन, मागच्या नळ्यांना नागमोडी वळण देणारे हेचिन्स, इटलीचे कोल्नागो, दे रोसा, मासी ही नावं याच कामामुळे मोठी झाली. पण छोट्या, नाव नसलेल्या कार्यशाळांनीही अप्रतिम फ्रेमा केल्या आहेत. स्टिकरला भाव देऊ नका, सांध्याला द्या.

स्टिकर खोटं आहे की खरं, कसं ओळखायचं?

रंग काढलेल्या फ्रेमवर नवं स्टिकर कुणीही लावू शकतो. त्यामुळे स्टिकर सोडून बाकीचं बघा. सीटचा दांडा काढून त्याचं माप घ्या. ५३१ डबल बटेड किंवा कोलंबस एसएलच्या फ्रेममध्ये तो बहुधा २७.२ मिलिमीटरचा असतो. दांडा २५-२६ मिलिमीटरचा निघाला तर नळी जाड आहे, म्हणजे साधी, असा संशय धरावा. मागचं चाक अडकतं ते पान, म्हणजे ड्रॉपआऊट, जाड घडीव आहे की पत्र्यातून दाबून काढलेलं? घडीव असेल आणि त्यावर कॅम्पान्योलो (सायकलीचे सुटे भाग बनवणारी इटालियन कंपनी) कोरलेलं असेल तर चांगलं लक्षण. फोर्क काढता आला तर त्याच्या वरच्या नळीत आतून बॅटरी मारा. कोलंबसच्या एसएल-एसपी नळीत आत पिळदार उंचवटे दिसतात आणि फोर्कच्या नळीवर कबुतराचा शिक्का असतो.

विकत घेण्याआधी काय तपासायचं?

सगळ्यात आधी, आदळलेली आहे का ते. आडवा दांडा आणि खालचा तिरपा नळा जिथे पुढच्या सांध्याला मिळतात, त्याच्या मागे दोन-तीन सेंटिमीटरवर खालच्या बाजूने बोट फिरवा. रंगात बारीक सुरकुती किंवा नळीला फुगवटा लागला, तर सायकल समोरून आदळलेली आहे. कितीही स्वस्त असली तरी सोडा. उजेडात नजरेला दिसत नाही ते बोटाला लागतं, म्हणून डोळे मिटून बोट फिरवलं तरी चालेल.

मग दोरीची चाचणी. मागच्या एका पानाला पक्का दोरा बांधायचा, पुढच्या उभ्या नळीला वळसा घालून दुसऱ्या पानाला ताणून बांधायचा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर पट्टीने मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. पाच-सहा मिलिमीटर आला तर फ्रेम वाकलेली आहे. यात खर्च शून्य आणि वेळ पाच मिनिटं, तरीही घेणारे हे करत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिसरं, सीटचा दांडा आणि हँडलचा दांडा हलतो का. विकणारा म्हणाला “थोडं ऑइल टाकलं की निघेल”, तर ते त्यालाच आधी काढून दाखवायला सांगा.

सीटचा दांडा खरोखरच अडकला असेल तर?

ॲल्युमिनियमचा दांडा आणि पोलादी नळी यांच्यात ओल शिरली की ॲल्युमिनियम गंजून फुगतो आणि नळीत घट्ट रुततो. आपल्याकडचा पाऊस बघता हे फार होतं. आधी सीटखालचा बोल्ट पूर्ण काढा. सायकल उलटी टांगून खालून, बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या क्रँकचा ॲक्सल फिरतो तो भाग) काढून, गंज सोडवणारं तेल सोडा आणि काही दिवस तसंच राहू द्या. तेलाने हललं नाही तर अमोनिया वापरून बघा. तो ॲल्युमिनियमचा गंज सोडवतो. मोकळ्या हवेत, नाक-डोळे सांभाळून. मग दांड्यालाच जुनी सीट घट्ट लावून, तिचा हँडलसारखा उपयोग करून हळूहळू पिळा.

कॉस्टिक सोड्याने दांडा विरघळतो हे खरं आहे, पण हात-डोळे भाजण्याची भीती मोठी आहे. घरी करू नका. आणि पाइपपाना घालून जोर लावू नका, सीटची नळी पिळवटते.

उद्यमबागेत काय सांगाल ते बनवून मिळतं. फ्रेमचं कामही तिथेच केलं तर?

बेळगावच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. उद्यमबाग आणि मच्छेतल्या फाउंड्रीज आणि मशिन शॉप ही आपली मोठी ताकद आहे आणि जुन्या सायकलवाल्याला तर ती वरदानच. हँडलसाठी शिम, ॲक्सलचे स्पेसर, बारीक आट्याचं नट, कॅलिपरने मोजून दिलं की लेथवाला चोख करून देतो. माप मात्र दशांशात सांगा. हँडलच्या दांड्याचं इंग्लिश-इटालियन माप २२.२ मिलिमीटर आहे आणि फ्रेंच २२.० मिलिमीटर. दोन दशांश ऐकायला किरकोळ वाटतात, पण घातलं की अडकतं किंवा हलतं.

पण फ्रेमला गॅस वेल्डिंग लावू नका. वेल्डर कितीही तरबेज असो. त्याला सवय असते दोन-तीन मिलिमीटरच्या पाइपची. इथे मध्ये ०.६ मिलिमीटर आहे. ज्योत एका जागी दोन क्षण जास्त थांबली तर नळी जळते, आणि ५३१ जास्त तापवलं तर सांध्याच्या शेजारी ताकद घटते. सांधा सुटला असेल तर चांदीचं ब्रेझिंग करणारा, पातळ नळी हाताळलेला माणूस शोधा. तोपर्यंत फ्रेम भिंतीला लावून ठेवली तरी काही बिघडत नाही.

बॉटम ब्रॅकेटचा कप निघत नाही. फिटर म्हणतो आटा गेला.

आटा बहुतेक गेलेला नसतो, तुम्ही उलटा फिरवत असता. इंग्लिश फ्रेममध्ये चेनच्या बाजूच्या कपाला डावा आटा असतो. तो काढायला पाना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. रुंदी ६८ मिलिमीटर, इंचाला २४ आटे. इटालियन फ्रेमची रुंदी ७० मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंना सरळ आटा. त्यामुळे इटालियनचा उजवा कप चालवताना आपोआप सैल पडू शकतो, तो भरपूर कसायचा. जुन्या फ्रेंच फ्रेमचे आटे मेट्रिक, ३५ मिलिमीटर व्यासाला १ मिलिमीटरचे. आधी रुंदी मोजा, मग पाना लावा. रॅली (Raleigh) कंपनीच्या बऱ्याच जुन्या सायकलींना इंचाला २६ आटे आहेत, त्यात २४ चा कप जबरदस्तीने फिरवला तर मात्र आटा खरोखरच जातो.

पेडलचंही तसंच. डाव्या पेडलला डावा आटा. हे घरातल्या लहान मुलालाही शिकवून ठेवा.

माझ्या सायकलला कॉटर पिन आहे. ती काढून चौकोनी ॲक्सलचे क्रँक बसवू का?

बसवायची घाई करू नका. कॉटर पिनच्या क्रँकमध्ये काही वाईट नाही. साध्या भारतीय सायकलीलाही कॉटर पिनच असते, त्यामुळे इंग्लिश मापाची, साडेनऊ मिलिमीटरची पिन आपल्याकडच्या सायकलच्या दुकानात सहज मिळते. फ्रेंच सायकलीला बहुधा नऊची लागते, ती लेथवाल्याकडून करून घ्या.

बसवायची रीत महत्त्वाची आहे. पिनेची तिरकी बाजू ॲक्सलच्या खाचेवर पूर्ण टेकली पाहिजे. टेकत नसेल तर बारीक कानशीने, पिन काढून-घालून, थोडी थोडी घासायची. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत. ठोकताना क्रँकखाली जाड पाइपाचा तुकडा उभा टेकवा, म्हणजे हातोडीचा धक्का छऱ्यांना बसत नाही. पिन आधी ठोकून बसवा, नट नंतर. नटाने पिन ओढायला गेलात तर आटेच सुटतात. पहिल्या दहा-बारा किलोमीटरनंतर परत एकदा ठोकून नट कसा.

टायर कुठला? दुकानदार म्हणतो अठ्ठावीस दीड चढेल.

चढणार नाही. नावं गोंधळाची आहेत, म्हणून टायरवरचा तीन आकडी व्यास वाचा. आपल्या काळ्या सायकलीचा अठ्ठावीस दीड म्हणजे ६३५ मिलिमीटर. जुन्या इंग्लिश रेसिंग सायकलीचा सत्तावीस बाय सव्वा म्हणजे ६३०. आजच्या रोड बाइकचा ७०० सी म्हणजे ६२२. पाच मिलिमीटरने मोठा टायर रिमवर बसल्यासारखा दिसतो आणि हवा भरल्यावर उडतो.

सत्तावीसची रिम असेल तर ७०० सी ची चाकं लावता येतात. ब्रेकचे रबर फक्त चार मिलिमीटर खाली न्यावे लागतात, आणि जुन्या ब्रेकमध्ये एवढी जागा बहुधा असते. त्यात २८ मिलिमीटरचा टायर मावत असेल तर तोच घ्या. लोक म्हणतात पोलाद धक्के पचवतं. थोडं पचवतं, पण जांबोटीच्या रस्त्यावर तुमची पाठ खरी वाचवतो तो टायर.

मूळ चाकं मात्र जपून ठेवा.

मागे नवं चाक बसत नाही, फ्रेम अरुंद पडते. ताणली तर चालेल?

पाच गिअरच्या जुन्या फ्रेममध्ये पानांमधलं अंतर १२० मिलिमीटर असतं, सहा-सातच्या वेळी ते १२६ झालं, आठपासून पुढे १३०. पोलादी फ्रेम थंडपणे, मोजून ताणता येते. हा पोलादाचा मोठा गुण आहे. १२० ची १२६ करायला हरकत नाही. दोन्ही बाजू सारख्या ताणल्या गेल्या का हे वरच्या दोरीच्या चाचणीने बघा आणि पानं एकमेकांना समांतर करून घ्या, नाहीतर ॲक्सल वाकतो. १२० ची थेट १३० मात्र अनुभवी माणसाशिवाय करू नये.

चोर्ल्याच्या घाटात हे गिअर मारता येतील?

बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर. कणकुंबीपर्यंत, मलप्रभेच्या उगमापर्यंत, चढउतार आहेत पण ठीक. खरा प्रश्न गोव्याच्या बाजूने परत वर येताना. जुन्या रेसिंग सायकलीला पुढे ५२-४२ आणि मागे मोठ्यात मोठा २३-२४ दात्यांचा फ्रीव्हील असतो. ही रचना विशीतल्या रेसरसाठी केलेली. आपण २६ किंवा २८ चा फ्रीव्हील लावावा. कॅम्पान्योलो नुओव्हो रेकॉर्डचा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, २६ पर्यंत नीट चालतो, त्यापुढे सनटूरचा जुना डिरेलर उत्तम आणि स्वस्तही. पुढचं दातेरी चक्र लहान करायचं असेल तर, ज्याच्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १४४ मिलिमीटर आहे अशा कॅम्पान्योलो क्रँकवर ४१ पेक्षा लहान बसतच नाही. स्ट्राँगलाइट किंवा टीएचे जुने टूरिंग क्रँक शोधा.

गिअरची कांडी खालच्या नळ्यावर असते आणि तिला ठरावीक टप्पे नसतात. चढ लागायच्या आधीच गिअर पाडा. आवाज ऐकून कांडी जराशी मागे-पुढे करत चेन मध्यावर आणायची, आठवड्याभरात हात बसतो.

माझ्या मापाची फ्रेम कशी ठरवू?

अनवाणी उभे राहा, भिंतीला पाठ लावा, पायांमध्ये वही धरून वर दाबा आणि जमिनीपासून वहीपर्यंतचं अंतर मोजा. त्याला ०.६५ ने गुणा. ८० सेंटिमीटर आलं तर ५२ सेंटिमीटरची फ्रेम, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून आडव्या दांड्याच्या मध्यापर्यंत. “सीट खाली केली की झालं” असं म्हणून मोठी फ्रेम घेऊ नका. मोठ्या फ्रेमचा आडवा दांडाही लांब असतो, खांदे आणि मान दुखू लागतात.

मुलीला शर्यतीत उतरायचं आहे. ही सायकल चालेल?

सरावाला उत्तम. आपल्या शेजारच्या विजापूर-बागलकोट भागातून देशाला कितीतरी सायकलपटू मिळाले, आणि तिथल्या जुन्या रेसरांच्या घरी चांगल्या पोलादी फ्रेमा असू शकतात. विचारून बघा. पण आजच्या शर्यतीत समोरच्याची सायकल आंतरराष्ट्रीय नियमातल्या किमान वजनाच्या, ६.८ किलोच्या, आसपास असते. शर्यतीसाठी नवी सायकल लागेल. पोरीला तीन किलोचा बोजा देऊन चढावर पाठवू नका.

रंग उडालाय. पावडर कोटिंग करून घेऊ?

मूळ रंग साठ टक्के जरी शिल्लक असेल तरी राहू द्या. गंज बारीक घासून काढा, त्यावर पारदर्शक मेणाचा हात द्या. मूळ रंग, हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा, कारागिराचं नाव परत आणता येत नाही. रंग खरोखरच संपला असेल तर साधा स्प्रे पेंट करा. पावडर कोटिंगची भट्टी सुमारे २०० अंशांची, तिने सांध्याला काही होत नाही. नुकसान करतं ते त्याआधीचं वाळूचं ब्लास्टिंग. जड दाबाने पातळ नळी झिजते. शिवाय पावडरचा जाड थर लगच्या घासलेल्या कडा बुजवून टाकतो. करायचंच असेल तर बारीक माध्यम, कमी दाब, आणि सगळे आटे झाकून.

क्रोम प्लेटिंग नको. त्याआधीचं ॲसिडमध्ये बुडवणं पातळ पोलादाला ठिसूळ करू शकतं.

पावसाळ्यात काय करायचं?

खानापूर-जांबोटीकडचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. गंज बाहेरून दिसतो तेव्हा आत बरंच काही झालेलं असतं. मे महिन्यात सीटचा दांडा काढून आत कच्चं जवसाचं तेल ओता. आपल्याकडे जवस घरोघरी चटणीला असतोच, तेल घाण्यावर मिळतं. फ्रेम चारही बाजूंनी फिरवा, जास्तीचं तेल निथळू द्या आणि पूर्ण सुकेपर्यंत उघड्यावर ठेवा. ते सुकून आतून पातळ कातडं धरतं. तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाचं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात भिजवून मगच टाका.

सीटच्या दांड्याला ग्रीस लावून परत बसवा. चामड्याची सीट, ब्रूक्सची असो वा दुसरी, पावसात झाकून ठेवा आणि तेलात भिजवू नका, मऊ पडून लोंबते. तिला मेणाचा हलका हात पुरे. लोखंडी क्रोमच्या रिमला ओल्यात ब्रेक जवळजवळ लागतच नाही, अशी चाकं असतील तर जूनपासून ॲल्युमिनियम रिमवर या.

चालवायला बेळगावजवळचे रस्ते कुठले?

हिंडलगा, सुळगा, उचगाव करत शिनोळीपर्यंतचा सकाळचा फेरा सगळ्यात सोयीचा, पुढे दम असेल तर चंदगडाकडे. थोडा चढ हवा असेल तर येळ्ळूरचा राजहंसगड. राकसकोपच्या धरणाकडे पावसाळा संपल्यावर जा, आधी रस्ता बुळबुळीत असतो. निपाणी-चिकोडीकडे उसाच्या हंगामात संध्याकाळी जाऊ नका. ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात आणि रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यांवरून बारीक टायर सरळ घसरतो. राष्ट्रीय महामार्ग टाळा.

चोरी झाली तर ओळख काय सांगायची?

बॉटम ब्रॅकेटच्या खाली किंवा मागच्या पानावर क्रमांक ठोकलेला असतो. चिखल साफ करून तो वाचा, स्वच्छ फोटो काढा आणि पूर्ण सायकलीचा चेनच्या बाजूने एक फोटो काढून दोन्ही एकत्र ठेवा. एक प्रत घरच्यांच्या फोनमध्येही असू द्या.